तीन कॉलेजांचे बारा ससे

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. लोणारचं सरोवर पाहिलं का, आणि शेगावची कचोरी आणली का. सरोवर पाहिलं, गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. कचोरी आणली नाही. तू तिथे मुळात गेली होतीस कशाला, हे कुणी विचारत नाही. म्हणून ते मीच लिहून टाकते. परत आल्यापासून माझ्या डोक्यातून ती खोली जात नाही आणि या रागाचं काहीतरी करायला हवं.

मी रक्तवाहिन्यांच्या आजारावर काम करते. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्यांत चरबीचा थर कसा साचतो आणि तो थांबवता येतो का, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि ती उंदरांच्या संगतीत गेली. लोकांना वाटतं उंदीर म्हणजे छोटा माणूस. तसं काही नाही. उंदराला कितीही तूप चारा, त्याच्या नळ्या स्वच्छ राहतात. त्याला हा आजार व्हावा म्हणून त्याच्या जनुकांतच फेरफार करावा लागतो. इतकं करून आजारी पाडलेला उंदीर मग जवळपास कुठल्याही औषधाने सुधारतो. मी स्वतः भरपूर उंदीर सुधारले आहेत. त्यातलं एकही औषध अजून माणसापर्यंत पोचलेलं नाही, आणि निवृत्ती जवळ आल्यावर ही गोष्ट पूर्वीपेक्षा जास्त टोचते.

ससा मात्र वेगळा. जन्मभर गवत खाणाऱ्या या प्राण्याला चरबी पेलत नाही. काही महिने वनस्पती तूप मिसळलेलं खाद्य दिलं की त्याच्या महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीत, पिवळट चट्टे धरतात. शिवाय ससा स्वस्त. त्यामुळे ज्यांना आमच्यासारखे महागडे उंदीर परवडत नाहीत ती कॉलेजं ससे पाळतात. प्रयोगासाठी प्राणी ठेवायचे तर सरकारी परवानगी लागते, आणि ती देण्याआधी किंवा वाढवून देण्याआधी जागा बघायला समितीचं माणूस जातं. या वेळी ते माणूस मी होते. माझ्याबरोबर एक पशुवैद्य यायचे होते, ते आदल्या दिवशी आजारी पडले. एका संस्थेची तीन फार्मसी कॉलेजं होती, तिन्ही बुलढाणा जिल्ह्यात, आणि महिना एप्रिलचा. कॉलेजं नेमकी कुठल्या गावांत आहेत ते मी सांगणार नाही. रस्त्यातली गावं सांगते, त्यांचा यात काही दोष नाही.

चिखलीच्या बाजूला

जालन्याला मला न्यायला वानखडे बाबू आले होते. संस्थेचे कार्यालय अधीक्षक, पन्नाशी ओलांडलेले, बोलायला गोड, अंगात पांढरा सफारी. देऊळगाव राजा येईपर्यंत त्यांनी मला जिल्ह्याचा भूगोल, संस्थेचा इतिहास आणि स्वतःच्या हृदयाची हकीकत सांगून टाकली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दोन स्टेंट बसवले होते.

"मॅडम, एक विचारू का? उंदराले खरंच हार्ट अटॅक येते काय?"

"सहसा येत नाही. आम्ही आणायचा प्रयत्न करतो."

त्यांनी सफारीचं वरचं बटण सैल केलं. मग म्हणाले, "मले तं कोणी प्रयत्न न करता आला."

या माणसावर पुढे मी फार चिडले, पण तो आवडायचाही थांबला नाही, हे आताच सांगून ठेवते.

कॉलेजात पोचल्यावर आधी शाल, नारळ आणि फोटो. आमच्याकडे तपासणीला माणूस आला की सगळे मख्ख चेहरे करून बसतात. इथे नवऱ्या मुलाकडचे आल्यासारखी धावपळ होती. मला सत्कार नको होता, मला प्राणीघर बघायचं होतं. इमारत भव्य, वर्ग रिकामे, पंखे नवे. आता प्राण्यांची काय दैना असेल, असं मनात म्हणत मी मागच्या बाजूच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले.

इतकी नीट खोली मी मोठमोठ्या संस्थांत पाहिलेली नाही. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, ते ओले. पिंजरे कोरडे, वास नाही. बारा पांढरे ससे, आणि त्यांच्यामध्ये उभी एक सडपातळ बाई, ॲप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मोनाली इंगळे. इथे सहायक प्राध्यापक, आणि हे ससे तिच्या पीएचडीचे.

ती आधी पुस्तकी मराठीत बोलली. चार सशांना साधं खाद्य. चारांना तुपाचं. चारांना तुपाचं, पण त्यात जवस. जवसाने नळ्यांतले चट्टे कमी होतात का, एवढाच प्रश्न. कोण कुठल्या गटातला हे कळावं म्हणून पिक्रिक ॲसिडचे पिवळे पट्टे लावलेले होते. डोक्यावर पट्टा म्हणजे साधं खाणारा, पाठीवर म्हणजे तूपवाला, शेपटीपाशी म्हणजे तूप-जवसवाला. हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो, धुऊन जात नाही.

तूपवाल्यांपैकी एकाला तिने उचलून माझ्यासमोर धरलं. त्याच्या बुबुळाभोवती दुधी कडं आलं होतं. चरबी रक्तात फार झाली की सशाच्या डोळ्यात ती अशी साचते. गवतावर वाढलेल्या सशात हे कडं दिसणार नाही. मी खूश झाले, आणि खूश झाल्याची लगेच लाज वाटली. या धंद्यात हे नेहमीचंच आहे.

"घरी कुणाला हृदयाचा त्रास होता का?" मी विचारलं. संशोधकाला हा प्रश्न विचारायची पद्धत पडली आहे.

"सगळे हेच विचारतात. कोणालाच नाही. आमच्याकडे भाजीपाला असतो शेतात, बाबा अजून सायकलने बाजाराला जातात." ती हसली. "मला प्रश्न आवडला म्हणून घेतला. घराघरात जवसाची चटणी खातात इथे, आणि तिचं काय होतं पोटात गेल्यावर, हे कोणी बघितलंच नाही आमच्याकडे."

अजून पंधरवडा खाद्य द्यायचं होतं. मग सशांना वेदना न होऊ देता मारून महाधमन्या उघडून बघायच्या. तोवर त्यांना हलवायचं नाही, घाबरवायचं नाही, बाहेरचा एक कण खाऊ द्यायचा नाही. जूनमध्ये तिच्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. ती एकदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती. पीएचडी झाली तर नोकरी पक्की, नाही तर घरी. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी निघताना ती दारापर्यंत आली. "मॅडम, तुम्ही उद्या दुसऱ्या कॉलेजला किती वाजता जाणार?"

वानखडे बाबू मध्येच म्हणाले, "ते आपण ठरवू ना ताई, तुम्ही आपलं काम करा." ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, दोघांचं कशावरून तरी बिनसलेलं असणार. कॉलेजांत कुणाचं ना कुणाचं असतंच.

अमडापूर

वानखडे बाबूंचं घर अमडापूरचं. जेवण हॉटेलात होऊ देणार नाही म्हणून ते मला घरी घेऊन गेले. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजलेले, वांग्याची झणझणीत भाजी, जवसाची चटणी. रोडगा फोडायचा आणि त्यात तूप ओतायचं. चमच्याने वाढत नाहीत, वाटीने ओततात. पुण्यात पाहुण्याला विचारून वाढतात. इथे नको म्हणणं हा पाहुण्याचा तात्पुरता आजार समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

वानखडे वहिनी माझ्या ताटावर वाटी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या नवऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. "यांना हे चालतं?"

"डॉक्टर नाई म्हनते. पन पाहुनं आलं की हे खातेच."

"म्हणून तं पाहुणे बोलावतो मी," वानखडे बाबू म्हणाले आणि रोडगा तुपात बुडवला.

मी पण खाल्लं, आणि फार चांगलं लागलं. जवसाच्या चटणीत लसूण सढळ होता. जेवताना ते दोनदा उठून फोनवर बोलायला बाहेर गेले. "पहाटंच निंघा, ऊन व्हायच्या आत," एवढं कानावर पडलं. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल.

सुलतानपूर, मग लोणार

दुसऱ्या दिवशी मेहकर सोडून सुलतानपूरला चहाला थांबलो. मोठं शेतीवालं गाव, रस्त्याला ट्रॅक्टरची रांग. इथला चहा म्हणजे साखरेत घातलेला चहा. पहिला संपायच्या आत वानखडे बाबूंनी दुसरा मागवला, मग गरम भजी, मग ओळखीच्या एका गुरुजींची गाठ. मी घड्याळ पाहिलं की ते म्हणत, "काई घाई नाई मॅडम, कॉलेज कुठं पळून जाते."

लोणारला पोचल्यावर कॉलेज पुढे राहिलं आणि गाडी सरोवराच्या काठाला लागली. मला न विचारता सहल ठरली होती. दगड पडून झालेला तो भला मोठा खळगा, तळाशी हिरवट पाणी, भोवती रान आणि सडल्यासारखा एक उग्र वास. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण दुपारच्या उन्हात एकेक देऊळ, एकेक खांब, एकेक मूर्ती दाखवत वानखडे बाबू मला फिरवत राहिले. स्टेंट बसवलेला माणूस एप्रिलच्या भर दुपारी चढउतार करत होता आणि थांबायला तयार नव्हता. ओठ पांढरे पडलेले. मी बसा म्हटलं, तर म्हणाले, "इतक्या दूर आल्या मॅडम, धावतपळत पाह्यलं तं काय पाह्यलं." मला त्यांच्या अगत्याचं कौतुक वाटलं. तेवढ्यात फोन आला, त्यांनी "बरं बरं" म्हटलं, आणि लगेच आम्ही निघालो. पाच खांब बघायचे राहिले होते, ते कुणालाच आठवले नाहीत.

दुसऱ्या कॉलेजच्या प्राणीघराला ताजा तेलरंग होता. वासाने माझे डोळे चुरचुरले, प्राण्यांचं काय झालं असेल. बारा पिंजरे, बारा पांढरे ससे. आणि प्रत्येक सशाच्या कपाळाला, पाठीला, शेपटीला हळद आणि वर कुंकवाचं बोट. गळ्यात झेंडूची एकेक छोटी माळ, अर्धीअधिक खाल्लेली.

"हे काय?"

प्राचार्य हात जोडून म्हणाले, "नवीन ससे आले मॅडम. शुभ काम, म्हणून सकाळी पूजा केली. आमच्याकडं ट्रॅक्टर घेतला तरी करतात."

"यांना खायला काय दिलं?"

"नैवेद्याचा शिरा दिला थोडा. लसूणघासाचा चारा दिला. आवडीनं खाल्लं सगळ्यांनी."

मी एक ससा उचलला. तो माझ्या हातात थरथरत होता, कान तापलेले. बुबुळाभोवती दुधी कडं. मी रुमाल ओला करून त्याच्या पाठीवरून फिरवला. कुंकू निघालं. हळद निघाली. खालचा पिवळा पट्टा तसाच राहिला. पिक्रिकचा पट्टा धुतला जात नाही हे लक्षात आल्यावर यांनी सगळ्याच सशांना सगळीकडे हळद फासली होती. ज्याने हे सुचवलं त्याची हुशारी मोठी होती आणि ती कुठे खर्च होत होती ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

प्राचार्यांना मी काही बोलले नाही. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. जेवण उरकून गाडीत बसल्यावर मी वानखडे बाबूंना विचारलं, "ससे कुठल्या रस्त्याने आले?"

त्यांनी आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "आपल्याच रस्त्यानं. पण पहाटं आले, पिकअपमधी."

"म्हणजे तीन कॉलेजांना मिळून ससे तेवढेच."

"तेवढेच. पहिल्या कॉलेजात इंगळे मॅडम सांभाळते म्हणून जिवंत असते. बाकी दोन ठिकाणी आणले की मरते." ते शांतपणे सांगत होते, लपवायचं संपलं याचं त्यांना बरं वाटत असावं. "मॅडम, इन्स्पेक्शनले सगळंच फिरते आमच्याकडं. लायब्ररीची पुस्तकं फिरते, मायक्रोस्कोप फिरते. मागच्या बारीले तं प्राध्यापक फिरवले, तीन कॉलेजात एकच माणूस, सदरा बदलून. कोणाले काई झालं नाई. ससे तं मुके. मी म्हटलं, त्याईले काय फरक पडते."

"त्या मुलीचा प्रयोग होता तो."

"हाव. ते रडली काल. मी म्हटलं, ताई, दोन दिवस फक्त."

"पिकअप आत्ता कुठे आहे?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. आम्ही प्राचार्यांच्या खोलीत जेवत होतो तेवढ्यात ससे तिसऱ्या कॉलेजकडे रवाना झाले होते. लोणारहून थेट उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याला, भर दुपारी, ताडपत्रीखाली. सशाला घाम येत नाही. त्याच्या अंगातली उष्णता कानांतून जाते तेवढीच, आणि ताडपत्रीखाली ती जाणार कुठे. मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कुणावर ओरडले नसेन. वानखडे बाबूंनी पिकअपच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो उचलेना. अर्ध्या तासाने उचलला. तो वाटेत ढाब्यावर जेवत होता आणि गाडी उन्हात उभी होती.

मोनालीचा नंबर घेऊन मी तिला कळवलं. तिला सगळं ठाऊक होतं, फक्त ताडपत्री आणि ढाबा ठाऊक नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मी निघते मॅडम." आणि फोन बंद झाला.

घाट उतरून, जळगाव जामोद

रात्रीचा मुक्काम बुलढाणा शहरात झाला. ते उंचावर आहे, हवा बरी. सकाळी राजूर घाट उतरलो तसं प्रत्येक वळणाला ऊन वाढत गेलं. मोताळा, नांदुरा.  जळगाव जामोदला बाजाराचा दिवस असावा. बसस्टँडसमोर टरबुजांचे ढीग, लिंबाचा रस, उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ. एरवी मी उतरले असते, भाव विचारले असते, कुणाशी तरी गप्पा मारल्या असत्या. प्रवासात मला तेवढंच आवडतं. या वेळी मी गाडी थांबू दिली नाही.

तिसऱ्या कॉलेजचं प्राणीघर म्हणजे पत्र्याची खोली. दार उघडंच होतं. मोनाली जमिनीवर बसली होती. संध्याकाळच्या एसटीने निघून, खामगावला गाडी बदलून ती आली होती. ओली पोती पिंजऱ्यांवर टाकली होती आणि एका पुठ्ठ्याने ती वारा घालत होती. ॲप्रनला हळद लागलेली. बारापैकी पाच ससे मेले होते. ते तिने एका बाजूला ओळीने ठेवले होते, आणि ओळ लावतानाही गट चुकू दिले नव्हते. एक साधं खाणारा, दोन तूपवाले, दोन जवसवाले.

"बाकीचे जगतील," ती म्हणाली. मग तिने विचारलं, आणि या वेळी पुस्तकी मराठी सुटली होती. "मॅडम, जे वाचले त्याईच्यावर पुढं करता येईन काय? खरं सांगा."

काय खाल्लं, किती खाल्लं, किती घाबरले, किती तापले, हे कुणीही सांगू शकत नव्हतं. साधं खाणाऱ्यांच्या पोटात तुपाचा शिरा गेला होता. "नाही येणार," मी म्हणाले. तिने मान हलवली. तिला हे माझ्याआधीच कळलं होतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

दुपारी अध्यक्षसाहेब आले. संस्थेचे संस्थापक, खादीचे कडक कपडे, आवाज मऊ. माझ्यासाठी स्वतंत्र खोलीत जेवण मांडलं होतं. मी जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी पण ताट बाजूला केलं. याला माणूस वळवायचा कसा ते ठाऊक होतं.

"मॅडम, माळरानावर कॉलेजं उभी केली आम्ही. पोरी शिकून राह्यल्या. थोडं इकडचं तिकडं होते."

"मी जे पाहिलं ते लिहिणार आहे."

"लिहा ना. बिनधास्त लिहा." ते हसले. "तिन्ही प्राणीघरांच्या प्रमुख इंगळे मॅडमच आहेत. तसा ठराव हाय संस्थेचा. प्राण्याची जबाबदारी त्याईची, ससा मेला तं त्याईच्या हातून मेला. आम्ही शिक्षण बघतो, आम्हाले प्राण्यातलं काय समजते."

वानखडे बाबू दाराशी उभे होते. ते जमिनीकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी सांगा, पिकअप कुणी पाठवली." त्यांनी छातीवर हात ठेवला. छातीत दुखत होतं की शपथ घ्यायची होती ते मला कळायच्या आत ते बाहेर निघून गेले.

प्राणीघरात परत येऊन मी मोनालीला सगळं सांगितलं. खरं लिहिलं तर परवानगी रद्द होईल आणि ठपका तुझ्यावर येईल. नाही लिहिलं तर तू खोटे आकडे भरून पीएचडी करू शकशील, कुणी विचारणार नाही. एवढं मी सरळ बोलले. आडून बोलायची मला सवय नाही आणि तिला त्याची गरज नव्हती.

तिने पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाली, "मेलेले ससे उघडाचे असते ना तुमाले? काऊन मेले ते पाहाले?"

मेलेल्या प्राण्याची तपासणी करणं माझं कामच होतं. आम्ही दोघींनी मिळून ते केलं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. पाचही सशांची फुप्फुसं उष्माघाताने काळी-लाल झालेली. कारण स्पष्ट होतं, तिथेच थांबलं तरी चाललं असतं. पण तिने पहिल्या तूपवाल्याची महाधमनी सोडवली, उभी चिरली आणि पांढऱ्या ट्रेवर पसरली. मग दुसऱ्याची. मग दोन्ही जवसवाल्यांच्या. चार ओल्या फिती शेजारी शेजारी.

तूपवाल्यांच्या दोन्ही फितींवर वरपासून खालपर्यंत पिवळट, उंच आलेले चट्टे, एकात एक मिसळलेले. जवसवाल्यांच्या फितींवर तुरळक दोन-तीन ठिपके, बाकी नितळ, नवजात सशाच्या असाव्यात तशा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन-दोन सशांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच मुलांना शिकवते. पण इतक्या वर्षांत उंदरांच्या हजारो नळ्या पाहिलेल्या डोळ्यांना काय दिसतंय ते मला कळत होतं.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "दिसून राह्यलं ना तुमालेही?"

"दिसतंय."

"पण धरता नाई येत."

"नाही येत."

तिने ट्रेवर स्वच्छ फडकं टाकलं, ताटावर टाकतात तसं. मग हात धुतले आणि म्हणाली, "लिहा तुम्ही खरं. मी आकडे भरले तं हे जे आता पाह्यलं, तेही खोटंच होऊन जाईन."

मी खरं लिहिलं. अध्यक्षांचं नाव लिहिलं, पिकअप लिहिली, हळद लिहिली. तिन्ही प्राणीघरं बंद झाली. संस्थेचा ठराव मात्र मोनालीच्या नावाचा होता, म्हणून ठपका तिच्यावर आला, आणि अध्यक्षांना कुणी काही विचारलं नाही. वानखडे बाबूंनी कसलीही साक्ष दिली नाही, पण तब्येत कशी आहे म्हणून त्यांचा मला अधूनमधून फोन येतो, आणि मी तो उचलते. जूनमध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपली. आता ती एका औषधाच्या दुकानात बसते. तिच्यासाठी मी तीन ठिकाणी शब्द टाकला. प्राणी मारल्याचा ठपका असलेली बाई कुणालाच नको आहे.

अहवालात पाच सशांच्या मृत्यूचं कारण मी उष्माघात असं लिहिलं. त्या चार नळ्यांबद्दल एक ओळही लिहिली नाही. लिहिली असती तर ते शास्त्र झालं नसतं, आणि मोनालीनेच ती मला खोडायला लावली असती. तिचं उत्तर बहुतेक बरोबर होतं, आणि हे जगात फक्त आम्हा दोघींना माहीत आहे.